मास्तरांचा तांदूळ

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेचे नव्हेत, यष्टीचे. उभी हयात कंडक्टरकी केली, आणि रिटायर झाल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाला दोन खोल्या घेऊन एकटे राहिले. तिथं त्यांनी उटणं करायला सुरुवात केली. विकायला नाही, वाटायला. पुरुषमाणूस आणि उटणं कुटतोय म्हणून पहिल्या वर्षी आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी बायका विचारायला लागल्या, "मास्तरांची पुडी आली का?"

ते कधी बसायचे नाहीत. घरात खुर्ची होती, तिच्यावर डबे ठेवलेले. स्वतः दाराच्या चौकटीला पाठ लावून, एक पाय जरा पुढं टाकून उभे. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, जेवण ओट्याशी उभ्यानं. "मास्तर, टेका की जरा," म्हटलं तर म्हणायचे, "उतारू बसत्यात. मास्तरनं उभंच ऱ्हायचं."

पुडी खाकी कागदाची. वर शिसपेन्सिलीनं ज्याला द्यायची त्याचं नाव, आणि खाली "मोरी ते उंबरा". मग खिशातून तिकिटाचा चिमटा काढून कोपऱ्यात टिक् करून एक भोक. हा चिमटा रिटायर होताना जमा करायचा असतो. ह्यांनी हरवला म्हणून सांगितलं, भुर्दंड भरला आणि घरी आणला. नोकरीत केलेली एवढीच चोरी, असं ते अभिमानानं सांगायचे. पुडी हातात देताना म्हणायचे, "तिकीट फाडलंय. आता मधी उतरायचं न्हाय." म्हणजे साबण लावायचा नाही.

आणि तपासायला यायचे. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उजाडता उजाडता दारोदार फिरून लोकांचे दंड हुंगायचे. पोरं, म्हातारी, कुणी सुटायचं नाही. कोपऱ्यावरच्या बँकेतल्या क्लार्कचा दंड हुंगून भर गल्लीत म्हणाले, "साबण लावलायस. विनातिकीट हाईस तू." तो गडी पुन्हा आत जाऊन आंघोळ करून आला. मी डोळ्यांनी बघितलंय.

शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं त्यांना सांगितलं, मास्तर, प्लास्टिकच्या डब्या देतो, लेबल छापतो, तुम्ही नुसता माल द्या. मास्तर म्हणाले, "ही पास हायत, पावणं. पास विकत न्हाईत." आणि त्या दुकानदाराच्या बायकोच्या नावाची पुडी गल्ल्यावर ठेवून निघून आले.

ज्या घरात वर्षभरात मयत झाली असेल त्या घरात दिवाळी नसते. फराळ शेजारपाजारचे देतात, पण तेल-उटणं लावून आंघोळ तिथं कोण करणार? मास्तर अशा घराच्या कडीला पुडी अडकवून यायचे. एका म्हातारीनं ती परत आणून दिली. म्हणाली, "मास्तर, औंदा आमाला न्हाय, आमचं मालक गेलं." मास्तर म्हणाले, "दिवाळी करू नगा. पर अंगाला माती लागलीया न्हवं? ती काढा." म्हातारी तिथंच पायरीवर बसून रडली आणि पुडी घेऊन गेली. असा माणूस. मला तो आवडायचा नाही, हेही सांगून टाकतो.

कारण तांदूळ.

गल्लीच्या मधोमध माझा डंक आहे. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. वर मोटर, चार लोखंडी मुसळं वरखाली होतात, खाली उखळ. शिवरात्र झाली की वळीव पडेपर्यंत पेठेतल्या बायका चटणीची बोचकी घेऊन रांग लावतात. नवखा माणूस ठसक्यानं दारातूनच पळतो. मी चौथी नापास, पण ह्या डंकावर घर बांधलं, पोरीला बारावी केलं. माझ्या डंकाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

मास्तर पहिल्यांदा आले ते दोन पिशव्या घेऊन. एका मोठ्या पिशवीत उटण्याचं साहित्य. दुसरी लहान, गाठ मारलेली, तिच्यात शेरभर जाडा तांदूळ.

"आधी ह्यो कुटा," म्हणाले.

"पिठी करायची? त्येला गिरण हाय की पलीकडं."

"पिठी न्हवं. गाडी धुवायची हाय."

मी कुटला. पहिला घाणा कुंकवासारखा लाल निघाला. त्यांनी तो कागदावर घेऊन बाजूला टाकला. दुसरा गुलाबी. तिसरा पांढरा. त्यातली चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून उभे राहिले. दिवाळीचा मसाला कांडायला आलेल्या बायका खोळंबल्या. कोण तरी म्हणालं, "मास्तर, झोपलासा का?" बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले, "आता सुटू दे."

मला राग आला. मी म्हणालो, "मास्तर, डंक मी झाडून घेतो की दर खेपंला."

"झाडल्यानं मिरची जात न्हाय, डंकवाले," ते म्हणाले. "नुसती दिसायची बंद हुती."

असं दहा-बारा वर्षं चाललं. साहित्य ते स्वतः फिरून आणायचे. गारगोटीच्या बाजारात डोंगरातून येणारी एक म्हातारी त्यांच्यासाठी शिकेकाई आणि रिठे राखून ठेवायची. वाडीला दत्ताच्या देवळातून उतरलेल्या हारांमधले गुलाब आणून खाटेवर वाळत घालायचे. खाटेवर गुलाब, खुर्चीवर डबे. माणूस झोपायचा भुईवर. नागरमोथा, कपूरकचरी, वाळा, संत्र्याची साल, एकेक हुंगून पारखून घ्यायचे. आणि दर खेपेला तो तांदूळ. तीन घाणे, जिभेवर चिमूट.

मनातलं ते कधी बोलायचे नाहीत. बोलले तर डंक चालू असताना, म्हणजे निम्मं ऐकूच यायचं नाही. अशा तुकड्या-तुकड्यांनी मला कळलं ते एवढं. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून दर दिवाळीला ड्यूटी त्यांच्याच माथी यायची. पोराबाळांची माणसं घरी, मास्तर गाडीवर. सव्वीस दिवाळ्या त्यांनी पहिली आंघोळ डेपोच्या नळावर केली. घरी बायको उटणं कालवून वाट बघायची. ते ड्यूटी संपवून यायचे तोवर वाटीत ते सुकून त्याला तडे गेलेले असायचे. ती गेली तेव्हा डब्यात मूठभर उटणं राहिलं होतं. तिनं कृती कुठं लिहिली नव्हती. त्या मुठीचा वास घेऊन घेऊन मास्तरांनी एकेक जिन्नस ओळखला. "चार वर्सं लागली," ते डंकाच्या आवाजात ओरडून म्हणाले. पुढचं मला ऐकू आलं नाही. मी डंक बंद केला तर ते गप्प झाले.

माझ्या पोरीवर त्यांचा जीव. ते कानडी सीमेकडचे, त्यामुळं तिला "यव्वा", म्हणजे आई, म्हणायचे. ती लहान असताना तिला चिमट्यानं वहीच्या पानांना भोकं पाडू द्यायचे. तिचं लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाले, "हळदीला लावायचं उटणं माजं. ही पुडी सगळ्यात भारी करायची हाय."

लग्न वैशाखातलं. साल दोन हजारच्या आगंमागं. त्याच सुमाराला मास्तरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा दिला, आणि धुरात, ठसक्यात जायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं. हळदीच्या दोन दिवस आधी ते डंकाच्या दाराबाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि दोन पिशव्या पुढं केल्या.

"तांदूळ आधी," म्हणाले. "तीन घाणं."

"मास्तर, तीस वर्सं डंक चालवतोय मी."

"व्हय. पर तीन घाणं. यव्वाचं हाय."

मला ते लागलं. माझी पोरगी, माझा डंक, आणि हा माणूस मला सांगतोय. त्या दिवशी आत अकरा बायकांची चटणी पडली होती. मंडपवाला दोनदा येऊन गेलेला, आचारी यायचा होता. मी तांदळाची पिशवी दाराच्या मागं खिळ्याला अडकवली. उखळ कुंच्यानं झाडलं. चांगलं दोनदा झाडलं, फडक्यानं पुसलं. लोखंड चकचकीत दिसत होतं. मग मास्तरांचं साहित्य टाकलं.

संध्याकाळी पीठ त्यांच्या घरी पोचवलं. तीन घाणे निघालेत असं धरून त्यांनी न चाखताच चाळलं, पुडी बांधली, नाव लिहिलं, भोक पाडलं.

हळदीला बायकांनी उटणं हळदीत कालवून पोरीच्या तोंडाला, गळ्याला, हातांना चोळलं. पहिल्यांदा ती हसत होती. मग म्हणाली, "काकू, चुरचुरतंय." कोण तरी म्हणालं, "नवरीला चुरचुरायचंच." मग ती किंचाळली.

ती किंचाळली त्याच क्षणाला मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती.

दुधानं धुतलं, ताक लावलं, बर्फ लावला, डॉक्टर आणला. डोळे सुजून नुसत्या चिरा राहिल्या. तोंड भाजल्यासारखं लाल. माझा मेव्हणा मास्तरांना दंडाला धरून मांडवात घेऊन आला. त्यानं ती पुडी त्यांच्या छातीवर फेकली.

"बघा, तुमचंच भोक हाय न्हवं?"

"माजंच," मास्तर म्हणाले.

"डोळं गेलं ते गेलं, म्हाताऱ्या, नाक बी गेलं का? काय कालवलंस ह्यात?"

मास्तरांनी पुडीत बोट घातलं आणि जिभेला लावलं. उभे राहिले, नेहमीसारखे. मग तोंड माझ्याकडं वळवलं. काळ्या चष्म्यामागं डोळे कसे होते, मला दिसलं नाही. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरंच बोललो.

"मास्तर, वय झालं आता. बंद करा ह्ये."

मास्तरांनी पुडीचं तोंड दुमडलं. मग म्हणाले, "उतारू दुखावला तर चुकी मास्तरची." पुडी खिशात घातली आणि गेले. गल्लीचा निवाडा तिथंच झाला. डोळ्याला दिसत नव्हतं, भलतंच काय तरी कालवलं. माझ्या डंकाचं नाव कुणी घेतलं नाही. तांदळाचे तीन घाणे काढल्याशिवाय मास्तरांचं काही उखळात पडत नाही, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. त्यांच्या त्या हट्टानं मला वाचवलं.

लग्न झालं. मुंडावळ्यांच्या आड सुजलेलं तोंड घेऊन पोरगी उभी राहिली. सासरच्या बायका कुजबुजल्या, पोरीला कातडीचा रोग हाय, लपवलाय. तोंड आठ दिवसांत बरं झालं. ते बोलणं तिला पुढं तीन वर्षं पुरलं. लग्नाचा आल्बम तिनं कधी उघडला नाही.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वऱ्हाड निघायच्या गडबडीत, मी डंकाचं दार उघडून आत काही आणायला गेलो. मागं मास्तर उभे. दार लोटून त्यांनी खिळ्यावरची पिशवी काढली. गाठ तशीच होती, त्यांनीच मारलेली. तळहातावर तोलून बघितली. शेरभर, पुरा. मी म्हणायला लागलो, "मास्तर, त्या दिवशी गर्दी..." त्यांनी हात वर केला, कंडक्टर गाडी थांबवायला करतो तसा. पिशवी बगलेत मारून बाहेर पडले.

मी वाट बघत राहिलो, आज सांगतील, उद्या सांगतील. माझ्या दारात येऊन ओरडले असते तर मी भांडलो असतो, भांडणात मला येतं. ते आले ते थेट आश्विनात, दोन पिशव्या घेऊन.

"तांदूळ आधी."

मी तीन घाणे काढले. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली. "आता सुटू दे." बास.

त्या दिवाळीला त्यांनी सगळ्यांच्या पुड्या केल्या, घरोघर दिल्या. दुपारपर्यंत निम्म्या त्यांच्या पायरीवर परत आल्या होत्या. ज्यांनी भिडेनं ठेवून घेतल्या त्यांनी गटारात टाकल्या. माझ्या घरचीनं आमची चुलीत घातली. दंड हुंगायला ते सकाळी निघाले, पहिल्याच दारात पोराला आईनं आत ओढलं. "नगं बाबा, त्येंच्या जवळ जाऊ नगं." मास्तर गल्लीच्या मधोमध उभे राहिले. मग मागं फिरले. पुन्हा कधी हुंगायला आले नाहीत.

पण करायचं थांबवलं नाही. पुढं पाच वर्षं दर आश्विनात तांदूळ, तीन घाणे. पुड्या घेऊन वाडीला जायचे, घाटावर आंघोळीला उतरलेल्या परगावच्या माणसांना द्यायचे. त्यांना कुठं काय माहीत. मी एकदा विचारलं, "घेत्यात का लोक?" म्हणाले, "घेत्यात. पर कुणी नाव सांगत न्हाय. नुसतं भोक पाडून देतो." दर वर्षी त्यांचा खांदा थोडा उतरत गेला. चौकटीला पाठ लावून उभे राहायचे, पण आता चौकटच त्यांना धरून ठेवत होती.

मी रोज ठरवायचो. चावडीवर सांगू, न्हाय तर घरचीला तरी सांगू. मग वाटायचं, आता पाच वर्षांनी? पोरीचं सासर? माझा डंक? माणसाला एकदा मान ताठ ठेवायची सवय लागली की ती वाकवायला गेल्यावर मोडते का काय, अशी भीती वाटते. ती भीती मी बाळगली आणि तिला स्वाभिमान म्हणत राहिलो.

मास्तर चैत्रात गेले. दूधवाल्याला चौकटीशी खाली बसलेले दिसले. त्यांना बसलेलं बघूनच तो समजला.

सीमेकडून पुतण्या आला. त्यांच्यात देहाला बसवून आंघोळ घालतात, बसवूनच माती देतात. अंगणात पाटावर बसवलं, भिंतीचा आधार दिला. पाणी तापलं. माझी पोरगी माहेरी आलेली होती, तीही येऊन उभी राहिली. पुतण्या म्हणाला, "काकाचं त्ये उटणं आसंल की घरात. त्येनंच घाला आंघोळ."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एकजण म्हणाली, "नगं बाबा. मेल्यावर कशाला आणि. साबण हाय माज्याकडं."

पोरगी आत गेली आणि खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर घेऊन आली. उघडली. पुड्या, थरावर थर. परत आलेल्या सगळ्या. नाव गल्लीतल्या एकेकाचं, आणि प्रत्येक पुडीला दोन भोकं. दुसरं भोक परत आल्यावर पाडलेलं. सगळ्यात तळाला एक लहान पिशवी, गाठ मारलेली. त्या गाठीत एक रिकामी खाकी पुडी बांधली होती, हळदीच्या डागांनी पिवळी. तिच्यावर माझ्या पोरीचं नाव.

तिनं पिशवी दाबून बघितली. तांदूळ. त्या गल्लीत वाढलेली पोरगी, मास्तरांचा तांदूळ कशासाठी असतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं गाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मी खाली वाकलो. एक पुडी फोडली, परातीत ओतली, पाणी घालून हातानं कालवली आणि मास्तरांच्या पाठीला लावायला लागलो.

"आण्णा, हात पोळतील," माझ्या मागून कोण तरी बाई म्हणाली.

"न्हाय पोळत," मी म्हणालो. "तांदळाचं तीन घाणं काढून मग कुटलंय ह्ये."

"आणि माजं?" पोरगी म्हणाली.

मी पाठ चोळत राहिलो. किती हाडं होती त्या पाठीला.

"आण्णा, माज्या हळदीचं?"

तिनं पुढं येऊन माझ्या हाताखालची परात ओढून घेतली. "सरा," म्हणाली. "तुमचा हात नगं त्येंला." तिनंच त्यांचे हात चोळले, तळवे चोळले, तोंडावरून हळू हात फिरवला. पाणी तिनं घातलं. मी भिंतीशी उभा राहिलो. कुणी मला बस म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी डंकावर गर्दी होती, चटणीचा हंगाम. रांग पार रस्त्यापर्यंत. पोरगी आली ती रांग न लावता सरळ आत. ती लहान पिशवी तिनं माझ्या पुढ्यात ठेवली.

"कुटा."

"किडं लागलं असत्याल त्येला," मी म्हणालो.

"लागू द्यात." मग रांगेकडं तोंड करून, मुसळांच्या आवाजावर चढेल अशा आवाजात म्हणाली, "माज्या हळदीचा तांदूळ हाय ह्यो. आण्णांनी त्या दिवशी कुटला न्हवता. मास्तरांनी दिलावता, आण्णांनी न कुटता खिळ्याला अडकवलावता."

चटणीची बोचकी पोटाशी धरून सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी मोटर बंद करू शकलो असतो. मी गाठ सोडली. सुटेना, दातानं सोडली. तांदूळ उखळात टाकला.

पहिला घाणा लाल निघाला. दुसरा गुलाबी. तिसरा पांढरा आला तेव्हा तिनं त्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिली. मी स्टूल पुढं सरकवलं. ती बसली नाही.